रुग्णालयांतील सोवळें

आमच्या समाजास स्वच्छतेचा उपदेश करणें म्हणजे कोळ्याच्या पोरास पोहणें शिकविण्यासारखें आहे, असें पुष्कळांस वाटतें. आणि एका अर्थीं तें खोटेंहि नाहीं. स्नान केल्यावांचून चुलीस शिवावयाचें नाहीं, बाहेरून आल्यावर पाय धुतल्यावांचून घरांत पाऊल टाकावयाचें नाहीं, पिण्याच्या पाण्याच्या घागरींत हात बुडवावयाचा नाहीं, असे शेंकडों नियम आमच्या आज्या-पणज्यांनीं कोणत्याहि शाळेंत न जातां पाळले. त्यांतील कांहीं शहाणपणाचे होते, कांहीं निव्वळ रूढीचे होते, आणि कांहीं तर माणसानें माणसाचा अपमान करण्याचें साधन झालेले होते, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु पाणी आणि हात यांचा संबंध आमच्या लोकांस नवा नाहीं, इतकें खरें. असें असतां, ज्या ठिकाणीं धुतलेल्या हातांची गरज सर्वांत अधिक, त्या रुग्णालयाच्या दारांत आमचा हा जन्मभरचा संस्कार वहाणांबरोबर बाहेर राहतो. असें कां व्हावें, आणि त्याची किंमत कोण देतें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावा असें आम्हीं योजिलें आहे.

मनुष्य रुग्णालयांत जातो तो बरा होऊन परत येण्यासाठीं. तेथें जाऊन, ज्या दुखण्यासाठीं गेला तें राहिलें बाजूस आणि दुसरेंच दुखणें पदरीं पडलें, अशी हकीकत आमच्या बहुतेक वाचकांनीं आपल्या आप्तेष्टांत एकदां तरी ऐकिली असेल. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण पुढें टांक्यांत पू झाला. हाड नीट बसलें, पण लघवीच्या नळीवाटे ताप चढला. मूल धडधाकट जन्मलें, पण चौथ्या दिवशीं आईच्या अंगांत हुडहुडी भरली. अशा वेळीं 'नशीब' हा एक शब्द उच्चारून आपण गप्प बसतों. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत या नशिबाचा हिशेब मांडलेला आहे. सधन देशांत रुग्णालयांत उपचारासाठीं राहणाऱ्या दर १०० रोग्यांपैकीं ७ जणांस, आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांस, तेथें असतांनाच निदान एक तरी नवा संसर्ग जडतो. आणि असा संसर्ग जडलेल्यांपैकीं सरासरीनें दहांत एक त्यापायीं दगावतो. जें नशीब श्रीमंतांच्या देशांत अर्ध्यावर येतें, त्यास नशीब हें नांव देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

हे संसर्ग एका रोग्याकडून दुसऱ्याकडे कसे जातात? वाऱ्यावर बसून जाणारे कांहीं आहेत, पाण्यांतून व भांड्याकुंड्यांतून जाणारेहि आहेत. परंतु त्यांचें सर्वांत नेहमीचें वाहन म्हणजे माणसाचा हात. तोहि कोणा दुष्टाचा हात नव्हे. जखम बांधणारा, नाडी पाहणारा, कूस पालटून देणारा, घोटभर पाणी पाजणारा, असा तो उपकारी हात असतो. ही गोष्ट ऐकावयास सोपी आणि मानावयास मोठी कठीण आहे. ती किती कठीण आहे हें समजून घेण्यासाठीं आपणांस सुमारें पावणेदोनशें वर्षें मागें, ऑस्ट्रियाच्या राजधानींत, व्हिएन्ना शहरीं गेलें पाहिजे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांत त्या काळीं गोरगरीब स्त्रियांसाठीं एक मोठें सूतिकागृह होतें. त्याचे दोन विभाग होते. १८४० सालापासून पहिल्या विभागांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्या विभागांत सुइणींस शिक्षण मिळे. आलेल्या स्त्रीनें कोणत्या विभागांत जावयाचें हें ती कोणत्या वारीं आली यावरून ठरे. म्हणजे स्त्रिया त्याच थरांतल्या, इमारत तीच, अन्नपाणी तेंच. तरी १८४६ सालीं पहिल्या विभागांतील ४,०१० बाळंतिणींपैकीं ४५९ दगावल्या आणि दुसऱ्या विभागांतील ३,७५४ पैकीं १०५. पहिल्या विभागाचें नांव शहरांत इतकें वाईट झालें होतें कीं, तेथें नेऊं लागले असतां कित्येक बाया गुडघे टेकून, हात जोडून दुसरीकडे नेण्याविषयीं विनवणी करीत. रुग्णालयाच्या वाटेवर, रस्त्यांतच ज्यांची सुटका होई, त्याहि सूतिकाज्वरापासून बहुधा बचावत. मोठमोठ्या विद्वानांच्या देखरेखीखालीं पलंगावर ज्या प्रसूत होत, त्या मरत.

याचें कारण शोधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. हवेंत कांहीं विषारी दोष आहे असें कोणी म्हणाले, तर दोन्ही विभागांवर हवा एकच वाहत होती. गर्दीमुळें असें होतें म्हणावें, तर गर्दी दुसऱ्या विभागांतच अधिक असे, कारण पहिल्यांत जावयास कोणी राजी नसे. मरणोन्मुख स्त्रीस अखेरचा संस्कार देण्यासाठीं जो धर्मगुरु येई, त्याच्यापुढें घंटा वाजवीत जात. त्या नादानें इतर स्त्रिया भेदरून आजारी पडतात अशीहि एक कल्पना निघाली, आणि ती घंटा बंद करून पाहिली. मरण कांहीं थांबलें नाहीं. या सर्व तर्कांत एक गोष्ट समान होती, ती अशी कीं, दोष हवेंत, भिंतींत, रोग्याच्या मनांत, अगदीं घंटेंतसुद्धां शोधिला गेला. पण शोधणारांनीं आपल्या स्वतःच्या हातांकडे पाहिलें नाहीं.

तें पाहिलें इग्नाझ सेमेलवाइस नांवाच्या हंगेरींतून आलेल्या एका तरुण डॉक्टरानें. त्याचा कोलेश्का नांवाचा एक विद्वान मित्र १८४७ च्या मार्चांत मरण पावला. शवच्छेदन चालू असतां एका विद्यार्थ्याच्या शस्त्राचें टोंक त्याच्या बोटास लागलें होतें. त्याच्या शवाच्या तपासणीचा वृत्तांत सेमेलवाइसनें वाचला, तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, ज्या खुणा आपण रोज मृत बाळंतिणींच्या शरीरांत पाहतों त्याच या पुरुषाच्या शरीरांत उमटल्या आहेत. मग बाकीचा उलगडा आपोआप झाला. पहिल्या विभागांतील डॉक्टर व विद्यार्थी सकाळीं शवच्छेदनगृहांत काम करीत आणि तेथूनच उठून प्रसूतिगृहांत जात. सुइणींचा शवाशीं संबंध येत नसे. साबणानें हात धुतले तरी त्यांस प्रेताची दुर्गंधि येतच राही. आणि जिचा वास येतो ती वस्तु हातावर शिल्लक असली पाहिजे, इतकें साधें अनुमान त्यानें केलें. या ज्वराच्या जंतूंचें ज्ञान त्या काळीं कोणासच नव्हतें, त्यालाहि नव्हतें.

मे १८४७ पासून त्यानें असा नियम घातला कीं, प्रसूतिगृहांत पाऊल टाकणारानें क्लोरीनच्या द्रवानें, आणि पुढें तो महाग पडूं लागल्यावर ज्यास आपण ब्लीचिंग पावडर म्हणतों त्या चुन्याच्या पाण्यानें, हात धुतलेच पाहिजेत. एप्रिलांत पहिल्या विभागांत दर शंभरीं १८ हून अधिक स्त्रिया मेल्या होत्या. जूनमध्यें तें प्रमाण २ च्या किंचित् वर आलें, जुलैंत १ च्या आसपास. ऑक्टोबरांत पुन्हां एक अनर्थ झाला. गर्भाशयाच्या कर्करोगानें पीडलेली एक स्त्री पहिल्या खाटेवर होती. तिच्यापासून तपासणीस आरंभ झाला आणि तिच्यामागून तपासलेल्या बारा जणींपैकीं अकरा गेल्या. शवच्छेदनगृहांतून आल्यावर हात धुतले होते, पण एका रोगिणीकडून दुसरीकडे जातांना धुतले नव्हते. म्हणजे विष प्रेतांतूनच येतें असें नाहीं, जिवंत माणसाच्या शरीरांतूनहि येतें, हें त्यास कळलें, आणि प्रत्येक रोगिणीगणिक हात धुण्याचा नियम झाला. १८४८ च्या मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या विभागांत एकहि बाळंतीण त्या ज्वरानें गेली नाहीं.

या हकीकतींत सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. सेमेलवाइसनें रुग्णालयाचे जुने कागद काढून पाहिले, तेव्हां त्यास असें आढळून आलें कीं, १८२३ पूर्वीं, म्हणजे जेव्हां प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणासाठीं प्रेतांचा उपयोग करीत नसत तेव्हां, बाळंतिणींच्या मृत्यूचें प्रमाण शेंकडा सव्वाच्या आसपास होतें. शवच्छेदनाचा अभ्यास वाढला तसें तें चढत गेलें. ज्ञान वाढत होतें आणि त्याच ज्ञानाच्या हातून माणसें मरत होतीं. यावरून ज्ञानाचा तिरस्कार करावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. कारण हा उलगडाहि शवच्छेदनाच्या वृत्तांतानेंच झाला. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो अधिक जाणता, जो अधिक रोग्यांस शिवतो, ज्यास अधिक ठिकाणीं मान आहे, त्याच्याच हातावर अधिक ठिकाणचें विष गोळा होतें. रुग्णालयांत हाताची मलिनता हुद्याबरोबर कमी होत नाहीं; उलट वाढण्याचाच संभव असतो.

मग हा शोध जगानें डोक्यावर घेतला काय? नाहीं. १८४९ सालीं सेमेलवाइसच्या नेमणुकीची मुदत वाढविण्यांत आली नाहीं, आणि १८५० सालीं तो व्हिएन्ना सोडून आपल्या देशीं पेस्ट शहरीं गेला. त्याच्या अपयशास त्याचा स्वभावहि कांहीं अंशीं कारण झाला. आपला ग्रंथ त्यानें १८६१ पर्यंत प्रसिद्ध केला नाहीं, आणि नंतर विरोधकांस जीं अनावृत पत्रें लिहिलीं त्यांत त्यांस उघड उघड खुनी म्हटलें. परंतु खरा अडथळा निराळाच होता. त्याचें म्हणणें मान्य करणें म्हणजे 'मीं आजवर ज्यांस वाचवावयास गेलों त्यांतील कित्येकांस मींच मारिलें' असें स्वतःशीं कबूल करणें होतें. सेमेलवाइसनें स्वतः तें आपल्या ग्रंथांत कबूल केलें. कील येथील मिखाएलिस नांवाच्या प्रसूतितज्ज्ञानेंहि तें कबूल केलें. त्याच्या आप्तांपैकीं एक तरुण स्त्री त्याच्याच हाताखालीं प्रसूत होऊन या ज्वरानें गेली होती. तें ओझें त्यास सहन झालें नाहीं आणि १८४८ सालीं त्यानें आत्महत्या केली. इतरांनीं आपलें मन शांत ठेवण्याचा सोपा मार्ग पत्करला. अमेरिकेंत ऑलिव्हर वेंडेल होम्स यानें १८४३ सालींच, हा ज्वर डॉक्टर व दायाच एका बाळंतिणीकडून दुसरीकडे नेतात असा निबंध लिहिला होता. त्यावर चार्ल्स मेग्ज नांवाच्या फिलाडेल्फियाच्या नामांकित अध्यापकाची भूमिका अशी कीं, डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात!

हें वाक्य आमच्या वाचकांस परकें वाटणार नाहीं. आमच्या सोवळ्याची भाषा याहून निराळी कोठें आहे? अमक्या कुळांत जन्म झाला म्हणून हात शुद्ध, तमक्या कुळांत झाला म्हणून अशुद्ध. हातावर प्रत्यक्ष काय लागलें आहे याची चौकशी नाहीं. जी सुईण रात्रीअपरात्रीं येऊन नाळ कापीत असे, तिला बाहेरच्या ओट्यावर बसवावयाचें. आणि तिनें नाळ कापण्यास घेतलेला विळा मात्र कोणीं उकळत्या पाण्यांत घालून पाहावयाचा नाहीं. बाळंतिणीस दहा दिवसांचें सोयर पाळावयास लावून तिला घरांतील सर्वांत काळोखी खोली व सर्वांत जुनीं चिरगुटें द्यावयाचीं. आणि मूल धनुर्वातानें गेलें म्हणजे सटवीनें नेलें म्हणावयाचें. आमचें सोवळें व मेग्जसाहेबांचें सभ्यपण हीं एकाच जातीचीं. दोहोंचाहि हेतु स्वतःचें शुद्धपण राखण्याचा आहे, समोर पडलेल्या जिवाचें रक्षण करण्याचा नाहीं. स्वच्छ विळा, स्वच्छ हात व धनुर्वाताची लस यांनीं सटवीचें काम हळूहळू बंद पाडलें, आणि २०१५ सालीं मातांच्या व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचें भारतांत निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. ज्या पिढ्यांनीं पाचवी पुजून दिवे लाविले, त्यांस ही बातमी ऐकावयास मिळती तर त्यांनीं ती खरी मानिली नसती.

सेमेलवाइसचा अंत व्हिएन्ना येथील वेड्यांच्या इस्पितळांत १३ ऑगस्ट १८६५ रोजीं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, जखम चिघळून रक्तांत विष भिनल्यानें झाला. त्याच्या आदल्याच दिवशीं ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यानें एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी प्रथम बांधिली होती. १८७९ सालीं पाश्चरनें सूतिकाज्वराचे साखळीसारखे जंतु पॅरिसच्या विद्वत्सभेंत फळ्यावर काढून दाखविले, आणि वाद मिटला. पुढें १९३६ च्या सुमारास लंडनमध्यें कोलब्रुक यानें प्राँटोसिल हें औषध देऊन त्या ज्वराच्या बाळंतिणी वांचविल्या. मागोमाग पेनिसिलिन आलें. रोग झाला तरी औषध आहे, असा धीर एकदां आला म्हणजे रोग होऊं नये म्हणून घ्यावयाच्या खबरदारींत ढिलाई येते. त्या ढिलाईचीं फळें आज रुग्णालयें भोगीत आहेत. कारण जंतूंनीं त्या औषधांस जुमानणें सोडिलें आहे, आणि असे निर्ढावलेले जंतु जर कोठें एकवटत असतील तर ते रुग्णालयांतच. औषधांचा धीर जसजसा कमी होतो तसतसें धुतलेल्या हाताचें मोल पुन्हां वाढतें.

आतां एक आक्षेप असा निघेल कीं, आज डॉक्टरास काय जंतूंचें ज्ञान नाहीं? आहे, आणि उत्तम आहे. तरी जिनीव्हा येथील मोठ्या रुग्णालयांत १९९४ सालीं नोंद ठेवून पाहिली, तेव्हां हात स्वच्छ करावयास हवे अशा शंभर प्रसंगांपैकीं अवघ्या ४८ प्रसंगीं ते केले जात असें दिसलें. तेथील डिडिए पिते व त्यांचे सहकारी यांनीं कोणास नीतीचे पाठ देत न बसतां अडचण काय आहे हें पाहिलें. दर वेळीं मोरीपर्यंत जाऊन साबणानें नीट हात धुण्यास पाऊण-एक मिनिट लागतें, आणि अशी वेळ तासांत कित्येकदां येते. बिचाऱ्या परिचारिकेनें काम केव्हां करावें? म्हणून त्यांनीं मद्यार्काच्या द्रवाच्या बाटल्या खाटेखाटेशीं ठेविल्या. तो हातावर चोळण्यास वीस-तीस सेकंद पुरतात. १९९७ पर्यंत ४८ चे ६६ झाले, आणि रुग्णालयांत जडणाऱ्या संसर्गांचें प्रमाण शेंकडा १६.९ वरून १९९८ पर्यंत ९.९ वर उतरलें. मात्र या सुधारणेंतील एक बारकावा असा कीं, परिचारिका व त्यांच्या मदतनिसांनीं ती मनावर घेतली. डॉक्टरवर्गाची संवय जवळजवळ होती तशीच राहिली. व्हिएन्नाचा पहिला विभाग इतक्या लौकर बंद होत नसतो.

हात केव्हां स्वच्छ करावे याचे जागतिक आरोग्य संघटनेनें पांच प्रसंग सांगितले आहेत. रोग्यास शिवण्यापूर्वीं, जखम, सुई, नळी यांसारखें निर्जंतुक काम हातीं घेण्यापूर्वीं, रक्त, पू, मलमूत्र यांचा संबंध आल्यावर, रोग्यास शिवून झाल्यावर, आणि रोग्यास न शिवतां केवळ त्याच्या खाटेस, चादरीस, औषधांच्या मेजास हात लागला असला तरी त्यानंतर. यांतील पहिले दोन रोग्याच्या रक्षणासाठीं आहेत व शेवटचे तीन शिवणाराच्या व पुढच्या रोग्याच्या. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, शेवटच्या तिहींचा विसर लोकांस सहसा पडत नाहीं, कारण घाण आपल्या हातास लागलेली आपणांस आवडत नाहीं. विसर पडतो तो पहिल्या दोहोंचा. रबरी हातमोजे घातले म्हणजे सुटलों असें मानणें हीहि त्याच वृत्तीची एक तऱ्हा. मोजा घालणाराचा हात स्वच्छ राहतो. पण तोच मोजा घालून चार खाटा हिंडलें तर रोग्यास काय लाभ? आणि मळ डोळ्यांस दिसत असेल, किंवा कांहीं विशिष्ट जातीच्या अतिसाराचा रोगी असेल, तर मद्यार्क कामाचा नाहीं. तेथें साबण-पाणीच पाहिजे, कारण त्या जंतूंचीं बीजें मद्यार्कानें मरत नाहींत.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका वृद्ध आत्याबाईंचें खुब्याचें हाड मोडलें, आणि त्यांच्या उशाशीं एका जिल्ह्याच्या गांवच्या रुग्णालयांत आम्हांस तीन आठवडे बसावें लागलें. आत्याबाई जुन्या वळणाच्या. घरीं त्यांच्या स्वयंपाकघरांत आम्हां साठी उलटलेल्या माणसांसहि 'हात धुतलेस का रे?' असें विचारल्यावांचून त्या पाण्याच्या तांब्यास शिवूं देत नसत. रुग्णालयांत मात्र त्यांच्या तोंडून चकार शब्द निघेना. सकाळीं मोठ्या डॉक्टरांची फेरी येई. मागें पांच-सहा तरुण डॉक्टर, त्यांच्यामागें सिस्टर, सर्वांमागें ट्रे धरलेल्या मावशी. डॉक्टर खरोखर कुशल व कनवाळू होते. ते पलीकडच्या खाटेवरील गृहस्थाची चिघळलेली जखम बोटानें दाबून पाहत, दोन धीराचे शब्द बोलत, आणि तसेच वळून आत्याबाईंच्या टांक्यांवर हात ठेवीत. बाटली खाटेच्या पायाशीं अडकविलेली असे. नवव्या दिवशीं आत्याबाईंच्या टांक्यांतून पू येऊं लागला. तो कोणाच्या हातून आला हें सांगणें शक्य नाहीं, आणि तसा आरोपहि आम्ही करीत नाहीं. परंतु दहा दिवसांचा मुक्काम त्यामुळें चाळीसांवर गेला, जखम पुन्हां उघडावी लागली, आणि त्यांचें चालणें मागें पडलें तें कायमचेंच.

त्या वॉर्डांत एक नुकतीच लागलेली सिस्टर होती. तिचा एक नियम आम्हीं रोज पाहिला. डॉक्टर एका खाटेवरून दुसरीकडे वळले कीं ती बाटली काढून त्यांच्यापुढें धरी. तोंडानें कांहीं म्हणत नसे. पहिल्या दिवशीं डॉक्टरांनीं तिच्याकडे किंचित् नवलानें पाहिलें. चौथ्या दिवशीं ते आपण होऊनच हात पुढें करूं लागले. हें पाहून आत्याबाईंसहि धीर आला असावा. दुसऱ्या आठवड्यांत एक तरुण डॉक्टर पट्टी बदलावयास आला, तेव्हां त्या त्यास म्हणाल्या, "बाळा, रागावूं नकोस हो, पण हात धुतलेस ना?" तो क्षणभर थांबला, हंसला, आणि म्हणाला, "नाहीं आजी. बरें झालें विचारलेंत." असें एक वाक्य एका खाटेवरून निघालें तर शेजारच्या चार खाटांवरूनहि निघतें, हें आम्हीं पुढील आठवड्यांत पाहिलें.

यावरून आमचें असें मत झालें आहे कीं, रुग्णालयांतील स्वच्छतेचा प्रश्न साबणाचा व पाण्याचा जितका आहे, तितकाच तो कोणीं कोणास विचारावें याचाहि आहे. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत एक प्रयोग झाला, त्याची हकीकत २००६ सालीं प्रसिद्ध झाली. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेंत नळी घालतांना पाळावयाचे पांच साधे नियम एका यादींत लिहिले: हात धुवावे, कातडी जंतुनाशकानें पुसावी, रोग्यास व स्वतःस पूर्ण झांकून घ्यावें, जांघेची शीर शक्य तों टाळावी, आणि गरज संपतांच नळी काढावी. यांत नवीन असें कांहींच नव्हतें. नवीन होतें तें हें कीं, एखादी पायरी चुकली तर डॉक्टरास थांबविण्याचा अधिकार परिचारिकेस दिला होता. दर हजार नळी-दिवसांमागें संसर्गाचा मध्यम आंकडा २.७ होता; तीन महिन्यांत तो शून्यावर आला आणि दीड वर्षपर्यंत तेथेंच राहिला.

आमच्याकडे हा अधिकार द्यावयाचा म्हणजे पुष्कळ जुन्या पायऱ्या उतराव्या लागतील. वॉर्ड झाडणारी मावशी ही त्या उतरंडींत सर्वांत खालची. तिच्या हातीं फरशी, खाटेचा कठडा, शौचकूप, रक्ताळलेल्या कापसाची बादली. म्हणजे संसर्गाच्या निम्म्या वाटा तिच्या स्वाधीन. आणि तीच बहुतेक ठिकाणीं कंत्राटावर, अपुऱ्या पगारावर, फाटक्या हातमोज्यांनीं काम करते. कोणता द्रव किती पाण्यांत घालावा हें तिला नीट शिकविलेलें नसतें, आणि काम झाल्यावर तिनें हात कोठें धुवावे याचीहि सोय नसते. जिचें काम शस्त्रवैद्याच्या कामाइतकेंच रोग्याच्या जिवाशीं निगडित आहे, तिला माणूस म्हणून मोजल्यावांचून रुग्णालय स्वच्छ होईल ही आशा व्यर्थ होय. केंद्र सरकारनें २०१५ सालीं 'कायाकल्प' योजना काढून स्वच्छ सरकारी रुग्णालयांस पारितोषिकें देण्यास आरंभ केला, हें उत्तमच झालें. परंतु पारितोषिकाच्या दिवशीं व्यासपीठावर त्या मावशीसहि खुर्ची असावी, असें आम्हांस वाटतें.

येथें एका भ्रमाचें निरसन करणें अवश्य आहे. स्वच्छता म्हणजे स्पर्श टाळणें, अशी समजूत आमच्या हाडीमाशीं खिळलेली आहे. २०२० च्या साथींत ती पुन्हां उफाळून वर आली. रोज दहा वेळां हात चोळणाऱ्या सुशिक्षित लोकांनीं परिचारिकांस भाड्याच्या खोल्या सोडावयास लाविलें, आणि सख्ख्या शेजाऱ्याच्या प्रेतास खांदा देण्यास माणूस मिळेना. यास आम्ही स्वच्छता म्हणत नाहीं. तें जुनेंच सोवळें नवा मुखवटा घालून आलें होतें. १८९७ सालीं पुण्यास प्लेगची साथ होती. लोक इस्पितळाच्या भीतीनें रोगी दडवीत होते. त्या वेळीं सावित्रीबाई फुले यांनीं महारवाड्यांतील एका आजारी पोरास पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यांत पोंचविलें, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. त्यांस आजचे मद्यार्काचे द्रव, मुखपट्ट्या, प्रतिजैविकें यांतील कांहीं एक उपलब्ध नव्हतें. असतें तर त्या वांचत्या आणि आणखी शंभर पोरांस पाठीवर घेत्या. हात धुण्याचा उपयोग हाच. जवळ जावयाचें, पण आपल्याबरोबर मरण न्यावयाचें नाहीं आणि आणावयाचें नाहीं, यासाठीं हात धुवावयाचे.

राहतां राहिली आम्हां भेटीस जाणारांची गोष्ट. रुग्णालयांत गेलों म्हणजे फळांची पिशवी उशाशीं ठेवून रोग्याच्या खाटेवर ऐसपैस बसणें, त्याच्या कपाळावर हात ठेवणें, शेजारच्या खाटेवरील अपरिचितासहि आपुलकीनें विचारपूस करून त्याची चादर नीट करून देणें, हा आमचा प्रघात. यांतील आपुलकी सोडावी असें कोण म्हणेल? ती तर औषधाइतकीच गुणकारी आहे. फक्त आंत जातांना आणि बाहेर येतांना हात स्वच्छ करावे, खाटेवर न बसतां स्टुलावर बसावें, सर्दी-खोकला असेल तर जाऊंच नये, दहा जणांनीं मिळून जाऊं नये, आणि तान्ह्या मुलाचा पापा घेण्याचा मोह आवरावा. रोग्याच्या वतीनें दोन प्रश्न विचारण्याचें कामहि घरच्या माणसाचेंच आहे. 'ही नळी अजून लागते का?' हा एक, आणि 'हात धुतलेत का?' हा दुसरा. दोन्ही प्रश्न नम्रतेनें विचारतां येतात, आणि चांगल्या डॉक्टरास त्यांचा राग येत नाहीं.

ज्या रुग्णालयांत हे प्रश्न विचारले जातात व विचारणारास हंसून उत्तर मिळतें, तें रुग्णालय आम्ही चांगलें समजतों. मग त्याच्या दारांत संगमरवर असो वा शहाबादी फरशी असो. जुन्या घरांत जेवावयास बसण्यापूर्वीं हात धुतलेस का असें विचारणारी आई मुलाचा अपमान करीत नसे. खाटेवर निजलेल्या माणसासहि तोच प्रश्न विचारण्याचा तितकाच अधिकार आहे, आणि तो त्यास भीतीवांचून विचारतां यावा यासाठीं लागणारें धैर्य त्याच्या अंगीं नसतें. तें उभ्या असलेल्या आपण सर्वांनीं त्यास दिलें पाहिजे.